केबिनमधून दिसलेला रस्ता

ज्या दिवशी रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी कमान उभी राहिली, त्या दिवशी मावशीनं हातातलं काम दुपारपर्यंत खाली ठेवलं नाही. बाहेर वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या, बघ्यांची गर्दी जमली होती, शेजारचा टायरवाला दर थोड्या वेळानं येऊन ताजी बातमी देत होता. मावशी मान वर न करता ताडपत्रीच्या कडेला मेणाचा दोरा ओवत राहिली. तळहाताला बांधलेल्या चामड्याच्या पट्ट्यानं दाभण रेटायचं, पलीकडून ओढायचं, पुन्हा रेटायचं. शेवटी टायरवाला म्हणाला, "वहिनी, एकदा बघून तरी या. आपल्याला फाशी द्यायचा खांब कसा दिसतो ते."

"दिसेल की," मावशी म्हणाली. "आता रोजच दिसणार आहे."

कमान फार उंच नव्हती. मोटारी, रिक्षा, लहान टेंपो खालून आरामात जात. ट्रक मात्र जाऊ शकत नव्हता. गावातल्या कोणा विनोदी माणसानं म्हणून ठेवलं, की जन्मभर ताठ मानेनं फिरलेल्या ट्रकवाल्यांना नगरपालिकेनं एकदाचं वाकायला लावलं. या विनोदावर त्या रस्त्यावर कोणी हसलं नाही.

गोदामांपासून हमरस्त्यापर्यंत जाणारा तो एकच सरळ रस्ता होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रकांच्या जिवावर जगणारी दुकानं. टायर, बॅटऱ्या, ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे, दोरखंड, ड्रायव्हरांची खानावळ. त्यात मावशीचं ताडपत्रीचं. दुकान मूळ नवऱ्याचं. तो गेला तेव्हा सगळ्यांनी सल्ला दिला, की गाळा भाड्यानं दे आणि घरात बस. मावशीनं सल्ला ऐकून घेतला आणि तेराव्याच्या आतच दुकान उघडलं. पहिल्या वर्षी बोटांची चाळण झाली. मग हात बसला. फाटक्या ताडपत्रीवर ती असं ठिगळ लावायची, की बाकीचं कापड विरून जाईल पण ठिगळ जागचं हलणार नाही. ड्रायव्हर तिला दाभणमावशी म्हणत. तिच्या हातातल्या दाभणापेक्षा तिची जीभ धारदार आहे असं त्यांचं म्हणणं होतं, पण तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडं ते जात नसत.

दुकान खाली, मागं तिची खोली. बाजूच्या जिन्यानं वर गेलं की दीर आणि जाऊ. दीर दवाखान्यात कंपाउंडर, जाऊ रस्त्याच्या टोकाच्या शाळेत शिक्षिका. मूलबाळ कोणालाच नव्हतं. म्हणून की काय, तिघांचं चांगलं चाललं होतं. भाजी एकीकडं शिजली की दुसरीकडं वाटीभर जायची.

ते सगळं एका सकाळी मोडलं. मावशीच्या दारात एक ट्रक ताडपत्री टाकून मागं वळत होता. दीर सायकल हातात धरून बोळातून बाहेर येत होता. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं, त्याला कोणी दिसलं नाही. दिराचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

ट्रक मावशीच्या दारातून निघाला होता, हे सगळ्या रस्त्याला माहीत होतं. दीर कधी बोलला नाही. जाऊ बोलली नाही. बोलली असती तर मावशीला बरं वाटलं असतं. भांडण झालं असतं, रडारड झाली असती, मोकळं झालं असतं. पण जाऊ नुसती वाटी परत करताना दारातूनच परत करायला लागली, आणि पुढं वाटी यायचीच थांबली.

बोलायच्या ऐवजी जाऊनं काम सुरू केलं. शाळेतल्या पालकांना गोळा केलं. घरोघरी गेली. नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवल्या. आधी कोणी दाद देईना, पण ती बाई चिकट. शेवटी ठराव झाला. या रस्त्यावर अवजड वाहनांना बंदी, त्यांनी गावाबाहेरच्या वळणरस्त्यानं जावं. ठरावापाठोपाठ कमान आली.

पहिले काही दिवस दुकानदारांना वाटलं, हे चार दिवसांचं नाटक आहे. मग खानावळीतली मोठी पातेली धुवून पालथी पडली. पाटेवाल्यानं भट्टी पेटवणं सोडलं. मावशीकडं हातातली कामं होती तोवर ठीक होतं, ती संपली आणि नवीन येईनात. वळणरस्त्यावरून ट्रक सुसाट निघून जात होते. एका ताडपत्रीसाठी गावात चालत कोण येणार?

टायरवाल्यानं पाच-सहा जणांना घेऊन नगरपालिकेत जायचं ठरवलं. मावशीही गेली. तिथला अधिकारी तरुण होता, उद्धट नव्हता. त्यानं सगळ्यांना बसवलं, चहा मागवला.

टायरवाला म्हणाला, "साहेब, निदान सकाळचे दोन तास तरी सोडा. आमच्या पोटावर पाय देऊ नका."

"मी कोण देणारा?" अधिकारी म्हणाला. "लोकांचीच मागणी आहे. आणि खरं सांगू का, मागणी तुमच्याच रस्त्यावरून आली. या बाईंच्याच घरातून."

त्यानं मावशीकडं हात केला. तो सहज बोलून गेला, पण चहाचे कप तोंडाशी नेता नेता थांबले. जाऊची खटपट कोणाला माहीत नव्हती असं नाही, पण आतापर्यंत ती 'शाळेच्या बाई'ची खटपट होती. आता ती मावशीच्या घरची झाली. परत दुकानाशी आल्यावर टायरवाला म्हणाला, "वहिनी, तुमच्या जावेला तुम्ही आवरलं असतं, तर ही वेळ आली नसती."

"तिचा नवरा अधू झाला. तिला मी काय म्हणून आवरू?"

"मग आमची पोरंबाळं काय खातील तेही तिलाच विचारा."

इकडे आड, तिकडे विहीर. वर गेली तर ती ट्रकवाल्यांची बाई, बाहेर गेली तर ती शाळेच्या बाईची जाऊ. खानावळवाला नजर चुकवायला लागला. जिन्याच्या भिंतीवर कोणीतरी कोळशानं काहीबाही लिहिलं, ते मावशीनं जाऊ उठायच्या आत धुऊन टाकलं. ते तिनं कोणाला सांगितलं नाही.

मग तेलाचा प्रकार झाला.

सकाळी मावशी शटर उघडायला बाहेर आली, तर जिन्याच्या पायऱ्यांवरून काळं जळकं तेल ओघळत होतं. वरच्या पायरीपासून खालच्यापर्यंत. इंजिनातून काढतात ते. दीर आता कुठं कुबडी घेऊन स्वतःचा स्वतः उतरायला शिकला होता. तिनं लाकडाचा भुसा आणला, पायऱ्यांवर टाकला आणि पदर खोचून, गुडघ्यांवर बसून पुसायला लागली. कोपरापर्यंत हात काळे झाले. अर्धा जिना झाला असेल, तेवढ्यात वरचं दार उघडलं.

जाऊ शाळेला निघाली होती. तिनं पायऱ्या पाहिल्या. तेल पाहिलं. मावशीचे हात पाहिले.

"इथपर्यंत आलात, ताई?" ती म्हणाली.

मावशीला आधी अर्थच लागला नाही.

"एक पाय घेऊन पोट भरलं नाही तुमचं?" जाऊचा आवाज चढला नव्हता. म्हणूनच तो जास्त लागला. "ट्रक तुमच्या दारातून निघाला होता. मी एवढे दिवस बोलले नाही. यांनी शपथ घातली म्हणून बोलले नाही. आज बोलते. माझ्या नवऱ्याचा पाय तुमच्या दुकानानं खाल्लाय. तो रस्ता मी उघडू देणार नाही, मग तुम्ही माझ्या पायऱ्यांवर तेल ओता, नाहीतर रॉकेल."

मी ओतलं नाही, पुसत होते, एवढंच म्हणायचं होतं. पण मावशीच्या स्वभावात एक खोड होती. जिथं कोणी आपल्याला ओळखलं पाहिजे, तिथं स्वतःची ओळख द्यायला तिची जीभ उचलत नसे. ती फडकं बादलीत टाकून उठली आणि दुकानात गेली. उरलेल्या पायऱ्या जाऊनं पुसल्या. मावशीला आतून फडक्याचा आवाज ऐकू येत होता.

त्याच दिवशी टायरवाला आला तेव्हा मावशीनं त्याला बसायला सांगितलं. एरवी तिनं त्याला हाकललंच असतं.

त्याचा बेत ठरलेला होता. दुसऱ्या दिवशी भर दुपारी कमानीचे बोल्ट खोलायचे. बोल्ट खोलायला त्याला कोणी शिकवायला नको होतं. मग रिकामे ट्रक ओळीनं आत आणायचे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत उभे करायचे. मोठा साहेब येऊन शब्द देत नाही तोवर हलायचं नाही. अडचण एकच. ड्रायव्हर घाबरत होते. परवाना गेला तर काय, म्हणत होते. त्यांच्यातला सगळ्यांत जुना, पिकल्या मिशांचा, वयानं मावशीपेक्षा मोठा असून तिला मावशीच म्हणणारा, तो म्हणाला होता, की मावशी केबिनमध्ये बसत असेल तर पहिला ट्रक मी आणतो.

"तुम्ही बसलात तर बाकीचे मागं येतील," टायरवाला म्हणाला. "नाहीतर उद्या आपण सगळे शटरं ओढून घरी."

"तेल कोणी ओतलं?" मावशीनं विचारलं.

टायरवाल्यानं नजर खाली घेतली नाही. "मला माहीत नाही. आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं. पोरं तापलीयत, वहिनी."

मावशीनं दाभणाच्या टोकावरून अंगठा फिरवला. सकाळचे शब्द अजून कानात होते. माणूस रागात असला, की आपण न्यायानं वागतोय असं त्याला वाटत असतं. "येते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऊन कडक होतं. रस्त्याच्या बाहेर ट्रक उभे होते, इंजिनं सुरू. टायरवाला आणि दोघं-तिघं शिडीवर चढून पाना फिरवत होते. आडवा खांब दोरानं बांधून हळूहळू खाली घेतला तेव्हा कोणी आरोळी ठोकली नाही.

पिकल्या मिशांच्या ड्रायव्हरनं हात दिला आणि मावशी केबिनमध्ये चढली. सगळं आयुष्य तिनं ट्रकांच्या पाठीवरची वस्त्रं शिवली, पण या रस्त्यावर ती कधी ट्रकच्या तोंडात बसली नव्हती. आत डिझेलचा आणि घामाचा वास होता. समोर एवढी मोठी काच, आणि त्या काचेतून आपला रस्ता. दुकानांच्या पाट्या डोळ्यांच्या रेषेत होत्या. छपरांवर वाळत टाकलेले कपडे दिसत होते. माणसं मात्र लहान झाली होती. मावशीला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते कळेना.

"भीती वाटते का, मावशी?" ड्रायव्हरनं विचारलं.

"तुझ्या चालवण्याची वाटते."

तो हसला आणि गिअर टाकला. ट्रक कमानीच्या जागेवरून आत आला. मागं दुसरा, तिसरा. दोन्ही बाजूंनी दुकानदार बाहेर येऊन उभे राहिले. वेग काहीच नव्हता, माणूस चालेल तेवढाच.

आणि मावशीला तिचा दीर दिसला.

तो औषधांच्या दुकानातून घरी येत होता. पाय गेल्यावर दवाखान्यातलं उभ्याचं काम झेपेना, म्हणून आता या दुकानात बसून काम करायचा आणि दुपारी जेवायला यायचा. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. ऐकू येत नव्हतं असंही नाही. पण रस्ता बंद झाल्यापासून दोन्हीकडं बघून ओलांडायची त्याची सवय मोडली होती. मान खाली, कुबडी पुढं, असा तो रस्त्यात उतरला. मावशीनं त्याला स्पष्ट पाहिलं. डोक्यावरचं टक्कल, खांद्याची पिशवी. तो ट्रकच्या समोर आला. मग काचेच्या खालच्या कडेशी आला.

मग तो नव्हताच.

मावशीनं डोळे फाडून पाहिलं. समोर मोकळा रस्ता होता. डावीकडं कोणी नाही, उजवीकडं कोणी नाही. एक अख्खा माणूस उन्हात विरघळावा तसा नाहीसा झाला होता. आणि शेजारी बसलेला, हयात ट्रकवर काढलेला माणूस शांतपणे पुढं बघत चालवत होता. त्याला तो दिसलाच नव्हता.

"थांब," मावशी ओरडली. तिनं दोन्ही हातांनी त्याचा दंड धरून ओढला. "थांब रे, खाली माणूस आहे."

ब्रेक लागला. मागचा ट्रक आदळता आदळता राहिला. पुढच्या चाकाखाली काहीतरी कटकन मोडल्याचा आवाज आला.

ड्रायव्हर तिच्याकडं वळला. "कोण आहे? मावशी, कोण होतं?"

दार कसं उघडलं, पायरी कुठं होती, मावशीला नंतर आठवलं नाही. ती उतरली नाही, पडलीच. गुडघा फुटला. तशीच ट्रकच्या पुढं गेली.

दीर बंपरच्या पुढं, हातभर अंतरावर, रस्त्यावर बसला होता. कुबडी चाकाखाली मोडली होती. पिशवीतल्या गोळ्यांची पाकिटं विखुरली होती. त्यानं वर पाहिलं. आधी ट्रककडं, मग मावशीकडं, मग उघड्या दाराकडं.

"वहिनी," तो म्हणाला, "तुम्ही वर कशा?"

मावशी त्याच्याशेजारी खाली बसली आणि त्याचा उरलेला पाय हातानं चाचपून बघत राहिली. धड आहे, म्हणाली. धड आहे.

टायरवाला धावत आला. घाबरला तोही होता, पण दिरानं मान हलवून बरं असल्याची खूण केली तसा त्याला धीर आला. "लागलं नाही ना? देवाची कृपा. यांना बाजूला घ्या. वहिनी, चढा. मागं ओळ लागलीय. आता थांबलो तर संपलंच सगळं."

"मी चढत नाही."

"वहिनी, हीच वेळ आहे."

"भाऊ, मला हे दिसत होते. माझ्या डोळ्यांसमोर होते. आणि मग नव्हते." मावशीनं हात जोडले. "तुम्ही एकदा वर बसून बघा. मी तुमच्या पाया पडते, एकदा बसून बघा."

"मला काय बघायचंय? सावकाश चालवलं तर काही होत नाही."

"सावकाशच चालला होता."

टायरवाल्याला ते पटलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मावशीला फार दिवस आठवत राहिलं. बुडणाऱ्याच्या हातातला दोर कोणी काढून घ्यावा, तसं काहीसं. मागून हॉर्न वाजत होते. पिकल्या मिशांचा ड्रायव्हर खाली उतरला, इंजिन बंद करून चावी खिशात टाकली आणि रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला. तो पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, की मला दिसला नाही, खरंच दिसला नाही.

पोलीस आले, ट्रक एकेक करून मागं घेतले गेले, आणि पुढच्या आठवड्यात कमान पुन्हा बसली. या वेळी बोल्टांवर वेल्डिंग केलं होतं.

संध्याकाळी जाऊ दुकानात आली. किती दिवसांनी आली होती, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मावशी गुडघ्याला हळद लावत बसली होती.

"हे म्हणतात, तुम्ही ओरडला नसता तर..." जाऊ म्हणाली.

"मी बसले नसते, तर ट्रक आलाच नसता," मावशी म्हणाली. "दोन्ही बाजू हिशेबात धर." मग ती म्हणाली, "तेल मी ओतलं नव्हतं. पुसत होते."

जाऊ स्टुलावर बसली. "मग तेव्हा का नाही बोललात?"

"तू विचारलं नाहीस. तू सांगितलंस."

जाऊ रडली. मावशीनं तिला रडू दिलं, जवळ घेतलं नाही. एवढ्यात सगळं धुऊन निघेल असं दोघींनाही वाटत नव्हतं. पण जाता जाता जाऊनं कोपऱ्यात पडून राहिलेली आपली रिकामी वाटी उचलून नेली.

रस्त्याचं म्हणाल, तर तो वाचला नाही. खानावळ बंद झाली. पाटेवाला दुसऱ्या गावी गेला. टायरवाल्यानं वर्षभर तग धरला, मग गाळा विकला. तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. जायच्या आदल्या दिवशी तो सगळ्यांकडं निरोप घ्यायला गेला. मावशीच्या दारावरून मात्र मान वळवून निघून गेला. मावशीनं हाक मारली होती. त्यानं ऐकली नाही, की ऐकून न ऐकल्यासारखं केलं, ती कधी ठरवू शकली नाही. शाळेतली पोरं आता रस्त्यातून सायकली शर्यतीनं पळवतात, आणि ती पाहिली की मावशीला बरंही वाटतं आणि पोटात तुटतंही.

तिनं स्वतः पुन्हा नगरपालिका गाठली. या वेळी जाऊ बरोबर होती. रस्ता उघडा असं मावशीनं म्हटलं नाही. वळणरस्त्याच्या कडेला जागा द्या, म्हणाली. तुम्ही ट्रक हलवलेत, आता आम्हालाही हलवा. तोच तरुण अधिकारी होता. त्यानं बरेच महिने खेळवलं. जाऊनं पाठ सोडली नाही, तिला सवय होती. शेवटी पत्र्याच्या शेडांपुरती पट्टी मिळाली. तोवर जुन्यांपैकी मावशी आणि दोरखंडवाला, दोघंच उरले होते.

वळणरस्त्यावर सावली नाही आणि वारा असा, की ताडपत्री शिवायला पसरावी तर ती शिडासारखी फुगते. जुने ड्रायव्हर थांबतात, नवे थांबत नाहीत. धंदा पूर्वीच्या निम्म्यावर आहे. सकाळी बसनं जायचं, संध्याकाळी बसनं यायचं. गुडघा अजून दुखतो. मावशी कुरकुर करते, पण सुट्टी घेत नाही. दारात ट्रक वळायला लागला, की ती काम टाकून उठते, मागं जाऊन उभी राहते आणि हात दाखवत स्वतः तो वळवून घेते. ड्रायव्हर वैतागतात. वैतागू देत, म्हणते.

शाळेला सुट्टी असली की जाऊ तिच्याबरोबर येते. वाऱ्यात कापडाचं दुसरं टोक धरायला कोणीतरी लागतंच. तिला ते अजून नीट धरता येत नाही, आणि दोघींची त्यावरून दर वेळी बोलाचाली होते. एकदा तिनं मधेच विचारलं, "ताई, समजा उद्या त्यांनी तो रस्ता परत ट्रकांना उघडला, तर तुम्ही दुकान तिकडं न्याल?"

मावशीनं दातांत धरलेला दोरा काढला. वळणरस्त्यावरून एक लांबलचक ट्रक गेला, आणि तो दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली.

"ते टोक घट्ट धर आधी," ती म्हणाली. "उडून चाललंय."